काठावरही कुणीतरी लागतं

प्रिय मावशी,

मी ४६ वर्षांची, मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली अडीच वर्षं आम्ही डब्लिनमध्ये आहोत. गेल्या चैत्रात आई गेली. विमानं बदलत घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. दहन झालं होतं, अस्थी सावडायला तेवढी मी होते. कृष्णेत अस्थी सोडल्या, दिवसकार्य झालं आणि परत आले. तेव्हापासून नीट झोप नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त आयरिश शिक्षिका राहतात. त्या आणि त्यांच्या सहा-सात मैत्रिणी दर शनिवारी सकाळी सँडीकोव्हला समुद्रात उतरतात, बारा महिने. “तूही चल,” असं त्या मला तीनदा म्हणाल्या. मला पोहता येतं, आजोबांनी पाठीला डबा बांधून कृष्णेत शिकवलं होतं. पण नवरा म्हणतो, हे वेड आहे. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, थंडी बाधेल, न्यूमोनिया होईल. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिवाय या वयात, या अंगानं पोहण्याचा पोशाख घालून परक्या बायकांत कसं उभं राहायचं? आणि या बायका पाण्यापुरत्याच गोड बोलतात की काय, तेही कळत नाही. अडीच वर्षांत कुणी घरी बोलावलेलं नाही. जाऊ की नको? आईचा आंघोळीचा तांब्या मी इकडे आणलाय. पाण्याकडे बघितलं की तीच आठवते.

— काठावरची

प्रिय काठावरची,

तुझ्या पत्रातला प्रत्येक प्रश्न खरा आहे आणि प्रत्येकाला मी उत्तर देणार आहे. पण तांब्याचं ते वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंस आणि माझं मन तिथेच अडकलं. त्याच्याकडे मी शेवटी येते. आधी जिवाचं बोलू.

येत्या शनिवारी जा. पाण्यात मात्र उतरू नकोस. त्याआधी तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि दोन गोष्टी स्पष्ट सांग. पहिली, मला रक्तदाब आहे आणि मला थंड समुद्रात उतरायचंय, चालेल का? दुसरी, आई गेल्यापासून मला झोप नाही. दुसरी गोष्ट पहिलीच्या आड लपवू नकोस. सहा महिने झोप नसणं हा दुखण्याचाच भाग आहे आणि त्यावर मदत मागण्यात कमीपणा नाही. थंड पाण्यात उतरताक्षणी कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब एकदम चढतो. गोळीनं दाब आटोक्यात असेल तर डॉक्टर कदाचित हो म्हणतील. आटोक्यात नसेल, किंवा हृदयाच्या लयीत काही गडबड निघाली, तर नाही म्हणतील. ते नाही म्हणाले, तर विषय तिथे संपला. मग हे पत्र पुढे वाच, पण फक्त काठावरच्या भागासाठी.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. समुद्रात दोन मिनिटं उभं राहिल्यानं न्यूमोनिया होत नाही, तो जंतूंमुळे होतो. पण थंडी बाधते, हे त्यांचं खरं. ती छातीला बाधण्याआधी श्वासाला बाधते. पाणी १५ अंशांच्या खाली असलं की अंगाला पहिला स्पर्श होताच माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो, मग धाप लागल्यासारखे श्वास भराभर चालू होतात. ते थांबवणं आपल्या हातात नसतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते सगळ्यात जोरात असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. पहिला श्वास ओढला जाताना तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत जातं. पट्टीचे पोहणारेही काठापासून हाताच्या अंतरावर बुडतात, ते यामुळे. तेव्हा कृष्णेत शिकलेलं पोहणं हाताशी आहे याचा आनंद मान, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी भर मार्गशीर्षातही डब्लिनच्या उपसागरापेक्षा कितीतरी ऊबदार असतं. तुझ्या शरीराला हे पाणी नवं आहे.

आता ऑक्टोबर आहे. तिकडच्या समुद्राचं पाणी १३ अंशांच्या आसपास असेल आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते ७-८ अंशांवर उतरत जाईल. म्हणजे सुरुवात करायला ही वेळ वाईट नाही, कारण पाण्याबरोबर तूही हळूहळू थंडीत उतरशील. शरीर हे लवकर शिकतं. पाच-सहा वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटं पाण्यात राहिलं तरी तो पहिला धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो आणि ही सवय पुढे कित्येक महिने टिकते. मला स्वतःला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते. मन महिनोन्महिने अडून बसतं, शरीर सहा शनिवारांत ओळख करून घेतं.

मी हे पुस्तकी बोलत नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी मी डब्लिनला एक अख्खा हिवाळा काढला आहे. डिसेंबरात तिथे सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि दुपारी चारच्या सुमाराला दिवस मावळतो. त्या अंधाराचं तू पत्रात काही लिहिलं नाहीस, पण मला तो तुझ्या पत्रात दिसला. माझ्या मुलीचं घर सँडीकोव्हपासून चालत वीस मिनिटांवर होतं. नातीला बाबागाडीत घालून मी रोज त्या छोट्या बंदरापर्यंत जायचे. एकदा एका बाईनं न विचारता आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि “जरा धरता का, खडक ओले आहेत” असं म्हणून ती पाण्यात उतरली. पुढच्या वेळी मी तिचा पंचा धरला. त्याच्या पुढच्या वेळी तिघींचे पंचे माझ्याकडे होते आणि एकीनं आपलं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं होतं, दहा मिनिटं झाली की हाक मारायला. जवळजवळ अडीच महिने मी पाण्याला पाय लावला नाही. तोपर्यंत त्यांच्यात माझी जागा ठरून गेली होती.

म्हणून तुझ्या सहीवर मी थांबले. काठावरची. तू ती कमीपणानं केली आहेस, हे कळतं. पण अशा टोळीत काठावरचं माणूस हे फार कामाचं माणूस असतं. कोण किती वेळ आत आहे, कुणाचे ओठ निळे पडायला लागले, कुणाचं बोलणं जड येतंय, हे पाण्यातल्यांना कळत नाही, काठावरून दिसतं. गारठलेल्या माणसाला स्वतःचं गारठणं समजत नाही. डोकी मोजायला कुणीतरी कोरडं राहावं लागतं. तेव्हा शेजारणीला सांग, “पहिले काही शनिवार मी काठावर थांबेन, कपडे आणि घड्याळ सांभाळेन.” त्या नको म्हणणार नाहीत. आणि तुला तिथे उभं राहायला एक कारण मिळेल. परक्यांत नुसतं उभं राहणं अवघड असतं, हातात काम असलं की सोपं जातं.

घरी बोलावत नाहीत म्हणतेस. ही खंत मला अनेकींच्या पत्रांत दिसते, आणि ती समजण्यासारखी आहे. आपल्याकडे मैत्री उंबरठ्याच्या आत येते, चहा-पोह्यांनी पक्की होते. पण जरा मागे जाऊन बघ. आपल्या आज्यांच्या मैत्रिणी कुठे होत्या? पाणवठ्यावर. धुण्याच्या दगडाशी. जात्याच्या दोन बाजूंना. “ये, आपण मैत्री करू” असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. हाताला काम होतं, नजर कामावर होती आणि तोंडून एकेक गोष्ट निघत होती. समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून दुःख सांगणं जड जातं. शेजारी उभं राहून, दोघींनी पाण्याकडे बघत ते निघतं. सँडीकोव्हच्या त्या बायकांची मैत्री मला पाणवठ्यावरच्या जातीची वाटली. ती घरापर्यंत पोचायला वेळ घेते, काही जणींच्या बाबतीत पोचतही नाही. म्हणून ती खोटी ठरत नाही.

हे मला कुठल्या दिवशी कळलं, ते सांगते. मार्च उजाडला होता, पाणी ८ अंशांच्या आसपास. डॉक्टरांना विचारून मी फेब्रुवारीच्या शेवटी उतरायला लागले होते आणि तो माझा चौथा की पाचवा दिवस होता. त्या दिवशी पाणी शांत होतं, ऊन पडलं होतं, मला इतकं बरं वाटत होतं की हाक आल्यावरही मी “आणखी थोडं” म्हणत राहिले. बाहेर आले तेव्हा अंग लालबुंद, मन हलकं. थंडी अशी वाजतच नव्हती. दहा मिनिटांनी मात्र मला कोटाची बटणं लावता येईनात. बोटं माझी नव्हतीच. दातांवर दात आपटायला लागले आणि पाय लटपटायला लागले. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं, कारण हातापायांतलं गार रक्त आणि गारठलेलं कातडं आतली ऊब ओढून घेत असतात. धोका पाण्यातून बाहेर पडून तुमच्या मागोमाग येतो, हे मला कुणीतरी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

त्यांच्यातली सत्तरी उलटलेली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला माझं नाव नीट उच्चारता येत नव्हतं आणि मला तिचं आडनाव आजही माहीत नाही. तिनं खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं, आपण शाळेत जाणाऱ्या पोराला लावतो तसं. डोक्यात कानटोपी घातली. चहाचा पेला माझ्या हातात दिला नाही, कारण तो सांडला असता. तिनं तो स्वतः धरला आणि मी प्यायले. कुणी माझ्या कोटाची बटणं लावून किती वर्षं झाली होती, याचा मी त्या दिवशी घरी चालत जाताना हिशोब करत होते. माझी आई जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

तुझा पोशाखाचा प्रश्न यानंतर जरा लहान वाटेल, पण मी तो बाजूला सारत नाही. सँडीकोव्हच्या वाळूच्या छोट्या किनाऱ्याला लागूनच फॉर्टी फूट नावाची खडकातली उतरण्याची जागा आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या फक्त पुरुषांची होती. १९७४ साली काही बायका निषेध म्हणून तिथे उतरल्या आणि मग हळूहळू ती सगळ्यांची झाली. आज तिथे साठी-सत्तरीतल्या बायका पोटावरच्या टाक्यांच्या खुणांसकट, सुजलेल्या गुडघ्यांसकट, कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या छातीसकट उतरतात. वाऱ्यात कुडकुडत कपडे बदलणाऱ्या बाईला दुसरीच्या मांड्यांकडे बघायला वेळ नसतो. तरी संकोच वाटला तर घोट्यापर्यंतची आणि मनगटापर्यंतची पोहण्याची अंगाबरोबरची वस्त्रं मिळतात, ती घाल. सैल सलवार-कुर्ता मात्र नको, तो पाणी धरतो आणि खाली ओढतो. पायात रबरी मोजे घाल, कारण बधिर झालेल्या तळव्याला शिंपला कापला तरी कळत नाही. डोकं कोरडं ठेव आणि त्यावर लोकरीची कानटोपी, पाण्यातसुद्धा.

आणि पहिल्या वेळी फॉर्टी फूटच्या पायऱ्यांवरून जाऊ नकोस. तिथे पाणी खोल आहे, लाट असली की कठड्याला धरून राहावं लागतं. शेजारच्या वाळूच्या किनाऱ्यावर पाणी उथळ आहे, तिथून चालत जा. उडी नाही, बुडी नाही. गुडघे, कंबर, मग थांब. हातांवर पाणी घे, मानेवर घे. श्वास आत ओढला जाईल, तेव्हा तुझं लक्ष बाहेर सोडण्याकडे असू दे. त्या बायका आत जाताना मोठमोठ्यानं बोलत असतात, काही गातातही. त्याचं कारण मला पुढे कळलं. बोलताना श्वास बाहेर सोडावाच लागतो. बोलता येतंय तोवर ठीक, वाक्य तुटायला लागलं की मागे फिरायचं. पहिल्या दिवशी दोन मिनिटं पुष्कळ झाली. पुढेही पाण्याची हाव धरू नकोस, ती मी धरली होती.

बाहेर आल्यावर गप्पा नंतर. आधी वरचे ओले कपडे काढ, अंग पूस, कोरड्या कपड्यांचे थर वरच्या अंगापासून घाल. गरम पाण्याच्या शॉवरखाली लगेच धावू नकोस, आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम मोकळ्या होतात आणि दाब घसरून भोवळ येते, गोळी घेणाऱ्यांनी तर हे जास्त सांभाळावं. कापरं थांबेपर्यंत गाडी कुणीच चालवायची नाही, शेजारणीनंसुद्धा नाही. थर्मासमध्ये आल्याचा चहा ने, गूळ घालून. तो त्या बायकांना आवडेल, आणि तुझ्याही हातून त्यांना काही मिळतंय याचा तुला आधार वाटेल. घेत राहणारं माणूस कुठेच फार काळ टिकत नाही. आणखी एक, जोराचा पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवस थांबायचं. सांडपाणी समुद्रात येतं आणि तिथल्या किनाऱ्यांवर पोहू नका अशा सूचना लागतात. त्या न वाचता कुणी उतरत असेल तर तू उतरू नकोस.

नवऱ्याशी वाद घालू नकोस. वेड म्हणणाऱ्याच्या पोटात बहुतेक वेळा भीती असते, आणि ज्या घरात सहा महिन्यांपूर्वी एक मृत्यू झालाय त्या घरात ती असणारच. त्याला एका शनिवारी बरोबर ने. काठावर उभा राहू दे, घड्याळ त्याच्या हातात दे.

आता आई.

थंड पाण्यानं दुःख धुऊन निघतं, नैराश्य बरं होतं, असं तुला हल्ली बरेच जण सांगतील. २०१८ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी नैराश्य असलेल्या एका २४ वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध केली होती. थंड पाण्यात पोहायला लागल्यावर तिची औषधं सुटली. मला तिच्यासाठी मनापासून आनंद वाटतो, पण ती एका मुलीची गोष्ट आहे. गुण पाण्याचा होता, हालचालीचा, उघड्या आकाशाचा की सोबतीचा, हे एका माणसावरून कुणाला सांगता येत नाही. मी तुला तसं काही कबूल करणार नाही. पाण्यात ती दोन मिनिटं श्वासाखेरीज कशालाच जागा नसते, एवढं नक्की. तेवढा वेळ दुःख काठावर कोरड्या कपड्यांशेजारी बसून असतं. तू बाहेर आलीस की ते उठून तुझ्याजवळ येतं. पण तेव्हा तिथे पंचा धरून एक बाईही उभी असते.

तू परदेशातून धावत गेलीस आणि तिसऱ्या दिवशी पोचलीस. आईला अखेरचं पाणी पाजायला मिळालं नाही, तिला शेवटची आंघोळ घालताना तू नव्हतीस. पत्रात तू हे लिहिलं नाहीस, मी फक्त अंदाज करते आहे. चुकत असेन तर माफ कर. पण पाण्याकडे बघितलं की ती आठवते यात बिघडलेलं काही नाही. ती तुला आठवायलाच हवी. तिच्या अस्थी कृष्णेत गेल्या आहेत, कृष्णा पूर्वेच्या समुद्राला मिळते, आणि समुद्र एकमेकांत मिसळतात हे तर शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातलं आहे. तुला पाण्यापासून लांब राहायचं असेल तर तेही चालेल, आणखी वर्षभर लांब राहा. पण तू मला पत्र लिहिलंस, त्यावरून तुला जवळ जायचंय असं मला वाटतं.

तर तांब्या घेऊन जा.

आणखी आत जाण्याआधी कंबरभर पाण्यात थांबून हातांवर, मानेवर पाणी घ्यायचं, असं मी वर सांगितलं. ते तांब्यानं घे. आंघोळीला पाणी अंगावर घेताना आपल्याकडे सात नद्यांना बोलावतात, ते तुझ्याही आईच्या तोंडी असेल. त्यात गंगा आहे, गोदावरी आहे, नर्मदा आहे. कृष्णा नाही. तू तिला आठवी म्हणून जोडून घे. मोठ्यानं म्हण, सावकाश, तिथे कुणी हसणार नाही, त्या बायका त्यांची गाणी म्हणतच असतात. एकदा म्हणायला पंधरा-वीस सेकंद लागतात. पाच-सहा वेळा होईपर्यंत तुझा श्वास जाग्यावर येईल, आणि शेजारणीलाही काठाकडे बघून कळेल की तू ठीक आहेस.

एकदा तिनं विचारलं की हे काय म्हणतेस, तर सांग तिला. तांब्या कुणाचा, तेही सांग.

आणि बाहेर येताना आधी तो तिच्या हातात दे, मग पंचा घे. तुझी बोटं तेव्हा बधिर असतील आणि खडकावरून घरंगळलेला तांब्या त्या पाण्यात सापडायचा नाही.

तुझी,
मावशी